रायगडावरचें नवें राज्य आणि देवळांतला दिवा

एखाद्या देशांत जुनी सत्ता जाऊन नवी आली, म्हणजे सैन्य, खजिना आणि न्यायकचेऱ्या यांचा बंदोबस्त करण्यांत तिचे पहिले दिवस जातात. परंतु लवकरच तिच्यापुढें एक अगदीं साधा दिसणारा प्रश्न येऊन उभा राहतो. देवळांतल्या नंदादीपाचें तेल, मशिदींतली दिवाबत्ती, गिर्जाघरांतली मेणबत्ती यांचा खर्च आजवर जुन्या राज्याच्या सनदेनें चालत होता. तो आतां कोणी चालवावयाचा? चालवावयाचा तर कोणत्या अटीवर? आणि जो तेल घालतो त्याचा गाभाऱ्यांत कितपत अधिकार? धर्मसत्ता आणि राजसत्ता यांच्या संबंधांचा बहुतेक वाद या तीन प्रश्नांत येऊन जातो.

फ्रान्सनें याचें उत्तर कसें दिलें हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं शाळेंतच वाचलेलें असतें. १७८९ च्या नोव्हेंबर महिन्यांत तेथील राष्ट्रीय सभेनें चर्चची सारी मिळकत राष्ट्राच्या हवालीं केली, पुढच्या वर्षीं धर्मगुरूंना सरकारी पगार बांधून दिला, आणि पगाराबरोबर निष्ठेची शपथहि मागितली. पुष्कळ धर्मगुरूंनीं ती घेण्याचें साफ नाकारलें आणि क्रांतीला देशांतल्या देशांत शत्रु निर्माण झाले. रशियानें १९१८ सालीं चर्चला राज्यापासून आणि शाळेपासून तोडलें. तुर्कस्तानानें १९२४ सालीं खिलाफतच रद्द केली. हीं उदाहरणें आपल्याला पाठ असतात. परंतु फ्रान्सच्या क्रांतीपूर्वीं शंभराहून अधिक वर्षें आधीं, आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावर, एका अगदीं नव्या राज्यानें हाच प्रश्न आपल्या पद्धतीनें सोडविला होता, त्याचा विचार या दृष्टीनें क्वचितच केला जातो.

शिवाजीमहाराजांच्या राज्यस्थापनेला क्रांति म्हणावें कीं नाहीं, याबद्दल पंडितांत मतभेद होईल. तेथें राजा गेला नाहीं, राजा आला. सिंहासन मोडलें नाहीं, घडविलें गेलें. परंतु जेथें तीन शतकें बादशाही फर्मानांनीं व्यवहार चालला, तेथें नवें सिंहासन, नवा शक, नवें नाणें, राज्यकारभाराचे नवे शब्द आणि जमीनमहसुलाची नवी मोजणी हीं एकाच पिढींत आलीं. याहून अधिक कांहीं झाल्यावांचून क्रांति हा शब्द वापरूं नये असें ज्यांना वाटत असेल, त्यांच्याशीं मी वाद घालणार नाहीं.

या राज्याचें वैशिष्ट्य नीट ध्यानांत येण्यासाठीं शेजारचें राज्य आधीं पाहिलें पाहिजे. पूर्वीं कुलाबा आणि १९८१ पासून रायगड म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर तीरावर रेवदंडा, दक्षिणेस समुद्रांत घुसलेल्या टेकडीवर कोर्लईचा किल्ला. रेवदंडा म्हणजे खालचें चौल; सोळाव्या शतकाच्या आरंभापासून तें फिरंग्यांच्या हातीं होतें. तेथें राजा आणि धर्मगुरु यांची सांगड अशी पक्की बसलेली होती कीं एकाचा हात कोठें संपतो आणि दुसऱ्याचा कोठें सुरू होतो हें सांगणें कठीण. पोपनें पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचा आश्रयदाता नेमलें होतें. बिशपांची निवड राजानें करावी, धर्मगुरूंचें वेतन राजानें द्यावें, आणि त्याच्या मोबदल्यांत राजाच्या दंडशक्तीनें धर्मप्रसाराला साह्य करावें, असा तो करार. गोव्यांत १५४१ सालीं पाडलेल्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न गिर्जाघरांकडे वळविण्यांत आलें. म्हणजे जमीन तीच, तेलहि तेंच, दिवा तेवढा दुसऱ्या घरांत लागला. वडील वारलेल्या हिंदु मुलांना धर्मगुरूंच्या स्वाधीन करण्याचा कायदा झाला, आणि १५६० मध्यें धर्मन्यायसभा आली. ती मधल्या अल्प खंडासह १८१२ पर्यंत टिकली. चौलांतले मठ आणि गिर्जाघरें गोव्याच्या आर्चबिशपाच्या कक्षेंत होतीं. रायगडावर सिंहासन उभें राहिलें, तेव्हां ही व्यवस्था कांहीं कोसांवर जिवंत आणि भरभराटींत होती. उत्तरेस दिल्लीचा बादशहा पांच वर्षांनीं, १६७९ सालीं, जिझिया पुन्हां सुरू करणार होता. ज्याचें राज्य त्याचा धर्म, हा त्या काळचा चालता न्याय होता, आणि युरोपांतहि तो चालत होता.

आतां रायगडाकडे वळूं. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक सर्वांना ठाऊक आहे. त्याचा थाट, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याचा मुजरा, हें सगळें अनेकदां वर्णिलें गेलें आहे. मला त्यांतील एका अडचणीकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. ज्या पुरुषानें तलवारीच्या बळावर राज्य मिळविलें, त्याला राजा होण्यासाठीं वेदमंत्रांची आवश्यकता होती, आणि ते मंत्र म्हणण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हातीं होता. क्षत्रियाचे संस्कार घराण्यांत लुप्त झाले, सबब आधीं प्रायश्चित्त, मग मुंज, असा निर्णय काशीहून आलेल्या गागाभट्टांनीं दिला. आणि राज्याभिषेकाच्या आधीं आठवडाभर, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, महाराजांची मुंज झाली. त्यानंतर राण्यांशीं विवाहहि समंत्रक रीतीनें पुन्हां लागले. पाहा, अफझलखान आणि शाइस्ताखान यांना ज्यानें धूळ चारली, तो मुंजीच्या बोहल्यावर बसला. यांत धर्मसत्तेचा विजय पाहावा, कीं आपल्या राज्याला कोणी बंडखोराची जहागीर म्हणूं नये म्हणून राजानें दिलेली किंमत पाहावी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मला दुसरा अर्थ अधिक पटतो.

कारण लगेच दुसरी घटना घडली. राज्याभिषेकानंतर अकरा दिवसांनीं पाचाडास जिजाबाईंनीं देह ठेवला. निश्चलपुरी गोसावी नांवाच्या तांत्रिक साधूनें असा आक्षेप घेतला कीं गागाभट्टांच्या विधींत स्थानिक देवतांची उपेक्षा झाली, आणि हीं सारीं अशुभें त्याचीं फळें आहेत. महाराजांनीं त्या साधूला हुसकून लावलें नाहीं आणि गागाभट्टांच्या पक्षाला बोलावून वादहि मांडला नाहीं. २४ सप्टेंबर १६७४ रोजीं, आश्विन शुद्ध पंचमीस, दुसरा राज्याभिषेक तांत्रिक पद्धतीनें करून घेतला. या दुसऱ्या राज्याभिषेकाचा उल्लेख करतांना आमच्याकडे थोडा संकोच करतात. तो अनाठायीं आहे. काशीच्या पंडिताची मान्यता हवी होती तशी कोंकणच्या डोंगरांतल्या देवभक्तांचीहि हवी होती. एका संप्रदायाच्या हातीं राज्याची किल्ली राहूं नये, ही दृष्टि त्यांत होती असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं.

समारंभ आटोपले आणि खरी व्यवस्था सुरू झाली. अष्टप्रधानांचीं नांवें फारसी होतीं तीं संस्कृत झालीं. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सरनोबत सेनापति झाला. रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला. त्याच्या दहा वर्गांत दरबारापासून बाजारापर्यंतच्या यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. या आठ प्रधानांपैकीं दोघे, पंडितराव आणि न्यायाधीश, यांना स्वारीवर जाण्यापासून मोकळीक होती. राज्याभिषेकाच्या वर्षींच्या कानुजाबत्यांत पंडितरावाचें काम नेमून दिलेलें आहे. धर्म आणि अधर्म यांची चौकशी त्यानें करावी, विद्वानांचा सत्कार करावा, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त यांसंबंधीं जीं पत्रें निघतील त्यांवर आपलें संमतिचिन्ह करावें, दानाचे प्रसंग वेळच्या वेळीं पार पाडावे.

वरवर पाहतां हें धर्माचें स्तोम वाढविणें दिसतें. पण खोल पाहिलें तर उलटें आहे. पूर्वीं अमुक मनुष्य जातींत घ्यावा कीं न घ्यावा, अमुक प्रायश्चित्त पुरें झालें कीं अपुरें, हें ठरविणाऱ्या धर्मसभा पैठणला, नाशिकला, कऱ्हाडला आपापल्या अधिकारानें बसत. आतां राज्यापुरता त्यांच्या वर एक शिक्का आला, आणि तो शिक्का दरबारच्या पगारी प्रधानाचा होता. धर्मनिर्णय राजानें स्वतः केला नाहीं. पण राजाच्या कचेरींतून गेल्यावांचून तो अमलांत येणार नाहीं, अशी योजना झाली. नेताजी पालकराचें प्रकरण याच वेळचें. औरंगजेबानें त्यास १६६७ मध्यें मुसलमान करून काबुलाकडे पाठविलें होतें. कांहीं वर्षांनीं तो दक्षिणेंत परत आला, आणि १६७६ च्या जूनमध्यें त्याला प्रायश्चित्त देऊन स्वधर्मांत घेण्यांत आलें. ज्या समाजांत बाहेर गेलेल्याला दार कायमचें बंद, तेथें तें दार उघडलें. राजाची इच्छा पाठीशीं नसती तर तें तितक्या सहजासहजीं उघडलें असतें, असें मला वाटत नाहीं.

आतां तेलाच्या प्रश्नाकडे येऊं, कारण माझ्या मतें खरी सुधारणा तेथें आहे. कृष्णाजी अनंत सभासदानें जिंजीस राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून जी बखर लिहिली, तिच्यांत दोन गोष्टी नमूद आहेत. एक अशी कीं, मुलखांत ठिकठिकाणीं देवस्थानें होतीं त्यांची दिवाबत्ती, नैवेद्य, अभिषेक हें सगळें महाराजांनीं यथास्थित चालविलें, आणि मुसलमानांचे पीर व मशिदी यांची दिवाबत्तीहि त्या त्या स्थानाची योग्यता पाहून चालविली. केळशीच्या याकूतबाबांबद्दलचा त्यांचा आदर तर प्रसिद्धच आहे. खाफीखानासारखा, महाराजांना शिव्या दिल्यावांचून ज्याची लेखणी पुढें सरत नाहीं असा मोंगल इतिहासकारहि, मशिदींना आणि कुराणाला उपद्रव करूं नये असा त्यांचा सक्त नियम होता, हें कबूल करतो. शत्रूची ही साक्ष दहा स्तुतिपाठकांहून मोलाची.

दुसरी गोष्ट सभासद सांगतो ती याहून महत्त्वाची, पण तिच्याकडे लक्ष कमी जातें. वैदिक, शास्त्री, ज्योतिषी, तपस्वी यांना गांवोगांवीं पाहून, त्यांचें कुटुंब किती, त्यांना लागतें किती, याचा अंदाज घेऊन धान्य आणि द्रव्य नेमून दिलें. आणि तें दर साल कारकुनांनीं त्यांच्या घरीं पोंचतें करावें असें ठरविलें. यांत जमीन देण्याचा भाग नाहीं, हें ध्यानांत घ्या. इनाम जमीन एकदां दिली कीं ती घराण्यांत मुरते. मूळचा विद्वान जातो, त्याचा नातू गायत्रीपलीकडे कांहीं न शिकतां तीच जमीन खातो, आणि कुळांवर सत्ता गाजवितो. धान्य आणि द्रव्य मात्र दर वर्षीं सरकारी कोठारांतून निघावें लागतें, म्हणून दर वर्षीं पात्रता पाहण्याची सोय राहते. सैन्याच्या बाबतींत महाराजांनीं हाच नियम लावला होता. सरदारांना मुलूख तोडून न देतां खजिन्यांतून पगार दिला. जमीनदारांच्या बाबतींतहि हाच. अण्णाजी दत्तोंनीं काठीनें जमीन मोजून पिकाच्या पांच भागांपैकीं दोन भाग सरकारचे ठरविले, आणि मध्यें हात मारणाऱ्या वतनदाराचा हक्क आंखून दिला. देशमुखाचा वाडा, सरदाराची जहागीर आणि धर्माधिकाऱ्याची वृत्ति, या तिन्हींकडे एकाच डोळ्यानें पाहिलें गेलें: रयत आणि राजा यांच्या मध्यें तिसरा धनी असूं नये.

चिंचवडच्या देवसंस्थानाचें उदाहरण या ठिकाणीं आठवतें. त्या संस्थानाला कोंकणांतून धान्यादि जिन्नस बाजारभावाहून कमी दरानें घेण्याची जुनी सवलत होती. देवाचें काम म्हणून कोणी बोलत नसे. तोटा मात्र शेतकऱ्याच्या पदरांत पडे. महाराजांनीं ती सवलत बंद केली आणि देवाला लागणारा माल सरकारी कोठारांतून देण्याची आज्ञा केली. देवाचा नैवेद्य एक दिवसहि चुकला नाहीं. फक्त तो कोणाच्या घरांतून यावयाचा, हें बदललें. माझ्या मतें रायगडच्या साऱ्या धर्मनीतीचें मर्म या एका लहानशा हुकुमांत सांपडतें.

आणि धर्माची प्रतिष्ठा कारभारांत ढाल म्हणून वापरूं द्यावयाची नाहीं, हेंहि त्याच नीतीचें अंग. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठीं मुरुडसमोरच्या खडकावर पद्मदुर्ग उभा राहत होता. तेथल्या आरमाराला पैसा आणि रसद पोंचविण्याचें काम प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांच्याकडे होतें, आणि ती वेळेवर पोंचली नाहीं. १८ जानेवारी १६७५ चें महाराजांचें त्यांना लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. भर समुद्रांत लढणाऱ्या लोकांना उपाशी ठेवणारा चाकर शत्रूला मिळाला असेंच समजावें लागेल, आणि अशा चाकराची तो ब्राह्मण म्हणून गय केली जाणार नाहीं, असा त्याचा स्पष्ट आशय आहे. गोब्राह्मणप्रतिपालक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांच्याच लेखणींतून हें पत्र उतरलें. आणि मला त्यांत विसंगति दिसत नाहीं. विद्वानाचें पोट भरणें हें राज्याचें कर्तव्य आणि कामचुकाराला शासन करणें हेंहि कर्तव्यच, इतका तो सरळ हिशेब होता.

या व्यवस्थेच्या मर्यादा झांकण्याचें कारण नाहीं. वेदोक्ताचा अधिकार कोणाचा, हा वर्णाचा प्रश्न रायगडावर सुटला नाहीं. तो एका घराण्यापुरता मिटविला गेला. म्हणून सव्वादोनशें वर्षांनीं कोल्हापुरांत त्यानें पुन्हां डोकें वर काढलें. शाहू छत्रपतींच्या घरचे विधि पुराणोक्तच करणार, असा राजोपाध्यांनीं हट्ट धरला, तेव्हां १९०२ सालीं महाराजांनीं त्यांचीं इनामें खालसा केलीं आणि १९२० मध्यें क्षात्रजगद्गुरूंचें स्वतंत्र पीठच निर्माण केलें. जें शिवाजीमहाराजांनीं काशीहून पंडित आणून साधलें, तें शाहूमहाराजांना नवें पीठ स्थापून साधावें लागलें. आणि अस्पृश्य गणलेल्यांना देवळाच्या पायरीवर थांबावें लागे, तें रायगडच्या राज्यांतहि थांबावें लागत होतेंच. महाडचें चवदार तळें रायगडाच्या पायथ्यापासून दूर नाहीं. तेथें पाणी पिण्याच्या हक्कासाठीं डॉ. आंबेडकरांना १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला.

दुसरी मर्यादा अशी कीं, ही व्यवस्था एका दक्ष पुरुषाच्या डोळ्यांवर उभी होती. तो डोळा १६८० मध्यें मिटला, आणि पुढच्या पिढ्यांत इनामांचा पूर पुन्हां आला. मोंगलांशीं झगडतांना रोख पैसा नव्हता, तेव्हां जमिनी आणि वतनें देऊनच माणसें टिकवावीं लागलीं, हें खरें. पण स्थैर्य आल्यावरहि ती संवय सुटली नाहीं. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना शाहू छत्रपति, आंग्रे आणि खुद्द जंजिऱ्याचा सिद्दी यांनीं गांव दिले होते, आणि पहिला बाजीराव त्यांचा ऋणको होता. राजानें संन्याशाच्या झोळींत घालावयाचें, तो राजा संन्याशाकडून कर्ज काढूं लागला! तळेगांवास दाभाडे सेनापतींनीं सुरू केलेली श्रावणांतली दक्षिणा पेशव्यांनीं पुण्यास आणली. तिला आरंभीं विद्येची परीक्षा होती, पुढें पर्वतीच्या रमण्यांत हजारोंच्या झुंडी उभ्या राहूं लागल्या. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीं त्याच दक्षिणेच्या पैशांतून १८२१ सालीं पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली. आणि १८४९ मध्यें लोकहितवादींसारख्या मंडळींनीं, त्यांतला कांहीं भाग मराठी ग्रंथकारांना मिळावा, असा अर्ज केला. त्यावर जुन्या मंडळींनीं जो गिल्ला केला तो पाहिला म्हणजे, वृत्ति एकदां हक्क बनली कीं ती परत घेणें किती कठीण, हें कळून येतें.

रेवदंड्याचें पुढें काय झालें तें सांगून थांबतों. १७४० मध्यें वसईच्या पाडावानंतर झालेल्या तहानें रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. फिरंगी अधिकारी आणि मठवासी निघून गेले. कोर्लईच्या टेकडीखालचे ख्रिस्ती कोळी आणि शेतकरी जागच्या जागीं राहिले, आणि मराठी अमलांतहि आपली उपासना करीत राहिले. ज्या मठांचा राजाश्रय कायमचा वाटत होता, तो पुढें लिस्बनच्याच राज्यकर्त्यांनीं मोडला: १८३४ मध्यें तेथील उदारमतवादी सरकारनें साधूंचे सारे मठ एका हुकुमानें बंद करून त्यांची मिळकत जप्त केली, आणि दुसऱ्या वर्षीं तो हुकूम गोव्यांतहि अमलांत आला. १९१० ला राजाच गेला. १९११ च्या एप्रिलमध्यें पोर्तुगालच्या प्रजासत्ताकानें चर्च आणि राज्य यांची फारकत केली, आणि त्या राजवटींत गोव्याच्या हिंदूंना सरकारी नोकरीचीं दारें प्रथमच मोकळेपणानें उघडलीं. आज रेवदंड्याच्या नारळी-पोफळींत फ्रान्सिस्कन साधूंच्या गिर्जाघराचा उंच मनोरा एकटाच उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. खाडीपलीकडे कोर्लईंत मात्र गिर्जाघर नांदतें आहे, आणि गांवांतल्या घरांतून पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणानें बनलेली एक लहानशी बोली अजून ऐकूं येते. तिला ते ‘नोऊ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असें म्हणतात.